किलवर सत्ती

भाऊबीजेची जेवणं झाली, बासुंदीची सुस्ती अंगावर आली आणि नेहमीप्रमाणे पत्ते निघाले. बदाम सात. भावाचा मुलगा, वय वर्षं नऊ, माझ्या समोर मांडी ठोकून बसला होता. तीनदा त्यानं 'पास' म्हटलं. माझ्या हातात इस्पिकची पानं नुसती कुजत पडलेली, राजा, राणी, गुलाम, छक्की, पंजी. आणि सत्ती काही केल्या खाली येईना. सगळ्यांत आधी तोच सुटला. 'जिंकलो' म्हणून उडी मारून उठला, आणि अर्ध्या चड्डीखाली घामेजल्या मांडीला चिकटलेली इस्पिक सत्ती टपकन सतरंजीवर पडली. मी ओरडले. नुसती रागावले नाही, ओरडले. "लबाडी करायची तर खेळायला बसायचं कशाला?" आवाज इतका चढला की वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोराचे डोळे भरले, तो आतल्या खोलीत गेला आणि दार आपटलं. माझा भाऊ पानं गोळा करत खालच्या मानेनं म्हणाला, "आपली आत्या असती तर त्याला शाबासकी दिली असती." रात्री स्कूटरवरून घरी येताना सिंहगड रस्त्याच्या गर्दीत मला ते वाक्य सारखं टोचत होतं. इतकी वर्षं मी तिचं हे विसरलेच होते. आत्या लबाड होती.

म्हणजे पत्त्यांत होती. बाहेरही थोडीफार होती, त्याकडे येतेच.

वाईला गणपती आळीतल्या घरी आम्ही दिवाळी आणि मे महिना अशा दोनदा जायचो. दुपारी माजघरात सतरंजी पडायची आणि आत्या भिंतीला पाठ टेकून बसायची. जागा नेहमी तीच. तिथून समोरच्या कपाटाच्या काचेत शेजारच्याची पानं दिसतात, हा शोध मला फार उशिरा लागला. मेंढीकोटात तिच्या भिडूला तिच्या भुवया पाठ असायच्या. उजवी उचलली की हुकूम, नाक खाजवलं की मेंढी माझ्याकडे. बदाम सातमध्ये मात्र तिला भिडू नसायचा, त्यामुळे सगळी कला एकटीची. सत्ती अडवून धरणं वेगळं. हातात दुसरं पान लावायला असेल तर सत्ती खुशाल अडवा, तो खेळच आहे. पण लावायला पान असताना चेहरा पाडून, सुस्कारा टाकून 'पास' म्हणणं, हे आत्याचं. तो सुस्कारा ऐकून आजीसुद्धा फसायची. "बिचारीला पानंच आली नाहीत गं," असं आजी म्हणायची, आणि बिचारीच्या मांडीखाली दोन पानं असायची. पकडली गेली की ओशाळणं वगैरे नाही. उलट आपल्यालाच, "एवढा वेळ लागला होय ठमाकाकू? मला वाटलं पहिल्याच डावात पकडशील." मी तिची ठमाकाकू होते. फ्रॉक घालणाऱ्या, दोन शेंड्यांच्या मुलीला ठमाकाकू म्हटलेलं मला मुळीच आवडत नसे, आणि म्हणूनच ती म्हणायची.

वाडा नव्हता आमचा, साधं दोनखणी घर. मागच्या बोळातून चार पावलं गेलं की घाट आणि ढोल्या गणपती. नदीला पूर आला की पाणी देवळापर्यंत चढतं, म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे फाकावं म्हणून. हे मला आत्यानंच सांगितलं. पुढे तिनं हेही सांगितलं की पुराच्या रात्री तो मासा सुटतो आणि मेणवलीपर्यंत पोहून परत येतो, आणि मी ते पुण्याच्या शाळेत भूगोलाच्या तासाला सांगून हसं करून घेतलं होतं.

ती टायपिंगच्या क्लासात शिकवायची. एका माडीवर लाकडी टेबलांवर पंधरा-सोळा मशिनं, त्यांतली दोन-तीन कायम नादुरुस्त. सरकारी परीक्षेचं मिनिटाला मराठी तीस शब्द आणि इंग्रजी तीस-चाळीस करणारी मुलं-मुली तासातासानं यायची. खाली रस्त्यावर उभं राहिलं तरी तो गारांसारखा ताड-ताड आवाज ऐकू यायचा आणि मधूनच ओळ संपल्याची घंटी. बोटांकडे बघून टाइप करणाऱ्याच्या हातावर ती खुशाल वर्तमानपत्र पसरायची, आणि तरीही डोकावला तर पट्टी. तिच्या हाताखालून गेलेले आज साठीचे गृहस्थ भेटले की सांगतात, "तुझ्या आत्यानं मारलंय मला." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलतो की मला हेवा वाटतो.

मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईतच, त्यामुळे आमच्या घरात त्याची चर्चा शेजारच्या घरच्या बांधकामासारखी चालायची. कुठवर आलं, कुठे अडलं. पहिला खंड १९७६ साली आला तेव्हा आजोबा, निवृत्त शिक्षक, भारावून गेले होते. दहा-बारा वर्षांत सगळे खंड घरात लावीन, असं म्हणाले. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. भर पंगतीत म्हणाली, "अण्णा, 'ज्ञ' येईस्तोवर तुम्ही राहत नाही. लावा पाच रुपये." आजी "शुभ बोल गं नाऱ्या" म्हणत राहिली, पण आजोबांनी पैज घेतली. विसावा, 'ज्ञ'पर्यंत पोचणारा शेवटचा खंड २०१५ साली निघाला. पेपरात बातमी वाचताना मला हसूच फुटलं. आजोबा १९९६ साली गेले होते. पैज आत्यानं जिंकली होती आणि ती जिंकल्याचं बघायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं. पाच रुपये कुणी कुणाला द्यायचे, ते राहूनच गेलं.

तिचं दुखणं काय, हे मला तेव्हा एका शब्दात सांगितलेलं होतं. झडप. 'आत्याची झडप आकसली आहे.' माझ्या डोळ्यांसमोर खिडकीची झडप यायची, पावसाळ्यात फुगलेली, न लागणारी. पुष्कळ वर्षांनी मावसभाऊ डॉक्टर झाला, त्याला मी एकदा खोदून विचारलं. लहान मुलाचा घसा दुखतो, चार दिवसांत बरा होतो, घरातलं कुणी लक्षातही ठेवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात, आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. घशातल्या जंतूंशी लढायला शरीरानं जी फौज उभारलेली असते, ती आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे ठणठणीत बरे होतात. झडप मात्र पुढे वर्षानुवर्षं आतल्या आत जाड होत, आकसत जाते. सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं त्या तापाबद्दल डॉक्टरी पुस्तकात म्हटलेलं असतं, तो म्हणाला. हे वाक्य त्यानं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आत्याबद्दल आहे हे त्याच्याही तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

१९६६ साली, नऊ वर्षांची असताना, तिचा घसा दुखला. हळद-दूध दिलं, मिठाच्या गुळण्या झाल्या, घसा बरा झाला. हळद वाईची, तिचं नाव सगळ्या महाराष्ट्रात. तो घसा वेळेत पेनिसिलिननं बरा झाला असता तर पुढचं टळण्यासारखं होतं, आणि पेनिसिलिन शंभरेक किलोमीटरवर पिंपरीला बनत होतं, बारा वर्षांपूर्वी १९५४ साली निघालेल्या सरकारी कारखान्यात. माझे बाबा पुढे पिंपरीतल्याच दुसऱ्या एका कंपनीत लागले. रोज त्यांची बस त्या कारखान्याच्या भिंतीवरून जायची. त्या स्टॉपला सगळे एच. ए. म्हणतात, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्याच्या नावावरून. बाबांनी कधी काही बोलून दाखवलं नाही, पण त्या भिंतीशी ते पेपर घडी करून ठेवायचे आणि चिंचवड येईपर्यंत उघडायचे नाहीत. हे मी कॉलेजला त्यांच्याबरोबर त्या बसनं जायला लागले तेव्हा पाहिलं. कदाचित तिथे रस्ता खराब असेल, बस हलत असेल. मी विचारलं नाही.

सांधे धरल्यावर पेनिसिलिन आलंच, दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. पांढरं, दाट, दुधात पीठ कालवल्यासारखं. सुईत अडकायचं म्हणून सुई जाड. दोन दिवस धड बसता यायचं नाही. कॉलेजात गेल्यावर तिनं ते बंद केलं. बंद केलं असं सांगितलं मात्र नाही. इंजेक्शनचे पैसे घ्यायची, दवाखान्याच्या दिशेनं जायची आणि येताना जरा लंगडायची. आजीनं हे मला तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सांगितलं, तेही लसूण सोलता सोलता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. त्या पैशांचं ती काय करायची? आजीला माहीत नव्हतं. मला थोडं माहीत आहे. आम्हा मुलांना पाचगणीला घेऊन जायची ती. एसटीत पसरणीच्या घाटात खिडकीतून डोकं बाहेर काढून प्रत्येक वळणाला 'हो' करून ओरडायची, आणि वर जाऊन क्रीम-स्ट्रॉबेरी.

मी त्या स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या आहेत.

तिच्या गालांवर लाली असायची. गोऱ्या चेहऱ्यावर दोन्ही गालांच्या उंचवट्यांवर किंचित जांभळट झाक असलेली गुलाबी. आळीतल्या बायका म्हणायच्या, "काय गाल आहेत हो पोरीचे, डाळिंब नुसतं." स्थळं त्या गालांवरच यायची. मावसभाऊ म्हणाला, झडप आकसली की काही जणींना अशी लाली येते, ते लक्षणच आहे. मी त्याला म्हटलं, बास, पुढचं सांगू नकोस. कौतुक म्हणून लक्षात ठेवलेलं तेवढं एक तरी राहू दे. पण आता ते राहत नाही. अल्बममध्ये तिचा एकुलता एक रंगीत फोटो आहे, त्यात मी आधी गालच बघते.

दाखवण्याचा एक कार्यक्रम मला अंधूक आठवतो, बाकीचा आईकडून ऐकलेला. मुलगा साताऱ्याचा, बँकेतला, चांगला होता म्हणे. त्या वेळी डॉक्टरांनी आजोबांना बाजूला घेऊन सांगितलेलं होतं की लग्न एकवेळ चालेल, बाळंतपण झेपायचं नाही. घरात ठरलं की आधी बोलणी होऊ देत, मग बघू. आत्यानं पोह्यांची बशी मुलाच्या हातात दिली आणि विचारलं, "तुम्हाला जिने चढायला आवडतं का?" तो म्हणाला, "हो, का?" "मला जमत नाही. माझी झडप खराब आहे. पोहे गार होतायत." मंडळी अर्ध्या तासात उठली. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पत्त्यांत सत्ती दडवणाऱ्या बाईनं तिथे मात्र सगळी पानं उघडी टाकली होती. आई म्हणते, त्या रात्री ती तीन उशा पाठीशी घेऊन बराच वेळ जागी होती. तीन उशा तिला एरवीही लागायच्या. आडवं झालं की धाप लागे. आम्हाला सांगायची, "आम्ही राजघराण्यातल्या. सपाट झोपत नाही."

आणि चप्पल. ते सगळ्यांत शेवटी कळलं.

संध्याकाळी ती आम्हाला घाटावर न्यायची. उतरताना सगळ्यांत पुढे, पदर खोचून, आमच्याशी शर्यत लावत. चढताना निम्म्यावर थांबायची. "थांबा रे, चपलेचा अंगठा तुटला." खाली वाकायची, चपलेशी खाटखूट करायची. आम्ही वर पोचून हाका मारायचो, ती हात वर करून 'आले' अशी खूण करायची, मान खालीच. मग पुन्हा पाच-सात पायऱ्या, पुन्हा अंगठा. एकदा मी मोजलं होतं, एका चढात तीनदा. मी म्हटलं, "आत्या, नवी घे की गं चप्पल." ती म्हणाली, "जुनी चप्पल पायाला ओळखते." गेल्यानंतर तेराव्याला आजीनं तिच्या वस्तू वाटल्या. कोल्हापुरी चपला धुण्याभांड्याच्या मावशींना दिल्या. त्यांनी त्या पायात घालून पाहिल्या आणि म्हणाल्या, "नव्याच हायत की वो, अंगठ्याला एक टाकासुदिक न्हाई." मी उंबऱ्यात उभी होते. दहा वर्षांच्या मुलीला जेवढं कळावं त्याहून थोडं जास्तच कळलं मला तेव्हा, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशन मुंबईला ठरलं होतं. तिनं आम्हाला ते असं समजावलं होतं: छातीच्या डाव्या बाजूनं आत जायचं, हृदय चालूच असतं, डॉक्टर त्यात बोट घालतात आणि चिकटलेली झडप बोटानं मोकळी करतात. "बोटानं?" आम्ही किंचाळलो. "बोटानं. लोणच्याच्या बरणीत आपण घालतो तसं." मला ही निव्वळ थाप वाटली होती, मेणवलीपर्यंत पोहणाऱ्या माशासारखी. ही खरी होती. त्या काळी खरोखर तसं करायचे. तारीख मिळाली, तिनं गणपती होऊ देत म्हटलं. मग दिवाळी. मग तिच्या मुलांची परीक्षा, टायपिंगची. डॉक्टर लिहीत होते, आजोबा चिडत होते, आणि ती दर वेळी तोच सुस्कारा टाकून सांगत होती की एवढं आटपलं की जातेच. मी तिच्यावर अजून रागावते ती यासाठी. माझ्या मैत्रिणीची सासू तसंच बोटाचं ऑपरेशन करून घेतलेली, सत्तरीची आहे आणि सुनेला पुरून उरली आहे.

१९८७ची दिवाळी शेवटची. पाडव्याच्या दुपारी बदाम सात. माझ्याकडे किलवरची सात पानं, दुस्सीपासून राजापर्यंत विखुरलेली, आणि किलवर सत्ती गायब. आत्या पास, पास, पास. डाव संपला तेव्हा ती तिच्या मांडीखाली सापडली. त्या आधीचे चार डाव मी हरले होते, भाऊ चिडवत होता, आणि मला एकदम काय झालं कोण जाणे, मी पानं भिरकावली आणि म्हटलं, "तू खोटारडी आहेस. तू सगळ्यांशीच खोटं बोलतेस." शेवटचं वाक्य मी का म्हटलं, मला तेव्हाही माहीत नव्हतं. आत्या हसली नाही. पानं गोळा करायला लागली. मी कट्टी घेतली. निघायच्या दिवशी एसटीच्या खिडकीशी ती उभी होती, दोन बोटं पुढे करून बट्टीसाठी, आणि मी समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कोरलेलं नाव वाचत राहिले.

डिसेंबरात माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. माझ्या नावानं आलेलं आयुष्यातलं पहिलं टपाल. टाइप केलेलं, क्लासातल्या त्याच मशिनवर, ज्याचा 'ळ' ओळीच्या वर उडायचा. 'सौ. ठमाकाकू यांस, किलवर सत्ती जप्त करून मी कपाटात कुलपात ठेवली आहे. कॅट ५१ पानांचा झाल्याने खेळ बंद. मे महिन्यात येऊन सोडवून न्यावी.' पंधरा पैशांचं कार्ड. मी उत्तर लिहायला घेतलं, शाईचा डाग पडला, पुन्हा लिहीन म्हणून ठेवलं. फेब्रुवारीत, कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे दिवस होते, पहाटे वाईहून फोन शेजाऱ्यांकडे आला. मांडवात सनई चालू होती आणि आमच्या घरातून रडणं, असं आई सांगते. मला तेव्हा नेलं नव्हतं. एकतिसावं चालू होतं तिला.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या घरांत होतं. फोटो भिंतीवर गेला, चंदनी हार आला, आणि त्या हाराबरोबर आत्या हळूहळू बदलत गेली. सोशीक झाली. 'कधी उलटून बोलली नाही हो', 'दुखण्याचा शब्द काढला नाही', 'देवमाणूस'. आजीच असं बोलायची, जिच्याशी तिचं रोज सकाळी पाण्याच्या बंबावरून वाजायचं. श्राद्धाच्या दिवशी पानावर लाडू वाढत, म्हणे तिला फार आवडायचे. तिला लाडू आवडत नसत, ती ते क्लासातल्या मुलांना नेऊन वाटायची. मी काही म्हटलं नाही. मीही तेच करत आले असेन, नाहीतर त्या नऊ वर्षांच्या पोरावर मी एवढी कशाला उसळले?

वाईचं घर विकलं तेव्हा कपाटं मी आणि भावानं रिकामी केली. तिच्या खणात टायपिंगच्या रिबिनी, एक डबी टाचण्या, आणि तो कॅट, रबर बँड कुजून पानांना चिकटलेला. मी तिथेच जमिनीवर बसून मोजला. बावन्न. किलवर सत्ती छक्की आणि अठ्ठीच्या मधोमध, नीट लावून ठेवलेली. कुलपाबिलपात काही नव्हतं. पोस्टकार्डावरही थापच मारली होती तिनं.

भाऊबीजेनंतर तीन आठवड्यांनी भाऊ-वहिनीला कुठेसं लग्न होतं, पोराला माझ्याकडे ठेवलं. तो माझ्याशी अजून तुटक. विचारलं तेवढंच उत्तर. मी त्याला पर्वतीवर घेऊन गेले. एकशेतीन पायऱ्या, तो एक सोडून एक चढत कुठल्या कुठे पुढे. मी सत्तेचाळिशीची, वजन आहे तेवढं आहे, निम्म्यावर छातीचा भाता झाला. वरून त्यानं वळून पाहिलं, पहिल्यांदाच हाक मारली, "आत्या, काय झालं?" मी कठड्याला हात टेकला, खाली वाकले आणि ओरडून सांगितलं, "थांब रे, चपलेचा अंगठा तुटला."

तो चार पायऱ्या उतरून आला. माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत्या, तू बूट घातलेत."